बाजारात कॉफी, बंदरात मका

‘‘भाव कोण ठरवतं?’’ आप्पांनी पहिलाच प्रश्न हा विचारला.

जुलैमधला रविवार होता. सानपाड्यात सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. नणंदेची मुलगी रेवा राहायला आली होती आणि जेवणाच्या टेबलावर ‘पोर्तो रिको’ या पटावरच्या खेळाचा खोका उघडा पडला होता. आप्पा म्हणजे माझे सासरे. वाशीच्या एपीएमसीत त्यांनी मापाडी म्हणून तीस वर्षं काढली. काट्यासमोर उभं राहून पोत्यांची वजनं घेतलेला माणूस खेळाच्या पटाकडेही काट्याकडे बघावं तसाच बघतो.

मी म्हटलं, ‘‘भाव छापलेलेच आहेत, आप्पा. मका शून्य, नीळ एक, साखर दोन, तंबाखू तीन आणि कॉफी चार.’’

‘‘छापील भाव? मग बाजार कसला?’’

या प्रश्नाचं नीट उत्तर दिलं की निम्मे नियम समजतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी दोनदा आम्ही या खेळाच्या वाटेला जाऊन परत फिरलो होतो. पहिल्या खेपेला नवऱ्याने नियमपुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतली. जहाजांपर्यंत पोचेतो मला डुलकी लागली आणि गॅसवरची डाळ करपली. दुसऱ्या खेपेला इंटरनेटवरचा व्हिडिओ लावला. त्यातला माणूस इतका हुशार होता की आपल्याला काहीच येत नाही एवढंच पक्कं झालं. म्हणून इथे पुस्तिकेचा क्रम मी सोडून दिलाय. आमच्या घरात जसं कळलं तसं सांगते.

आधी दोन शब्द ओळखीचे. अँड्रेआस सायफार्थ या जर्मन माणसाने बनवलेला हा खेळ २००२ साली आला. तीन ते पाच जण खेळतात. फासा नाही. नवीन जमिनीच्या चकत्या उलट्या गठ्ठ्यातून येतात, नशिबाचा भाग तेवढाच. लहानपणी ‘व्यापार’ खेळताना फासे नीट पडले की दादरचा प्लॉट आपला व्हायचा. इथे जे वाटोळं होतं ते आपण केलेलं असतं, नाहीतर शेजारच्याने. पटावर पाच पिकं आहेत, पण सगळ्यांचा डोळा कॉफीवर असतो, कारण तिला सगळ्यात जास्त पैसे मिळतात. तेव्हा कॉफीचं बोट धरूनच नियम बघू.

मूळ गोष्ट एका वाक्यात मावते. आपल्या पाळीला तुम्ही एक काम निवडता, ते काम टेबलावरच्या सगळ्यांना करता येतं आणि निवडणाऱ्याला वर थोडं जास्त मिळतं.

रेवाला हे पटेना. ‘‘मामी, पाळी माझी, मग आजोबांना का करू द्यायचं?’’ तिला मी आमच्या गेटवरचा भाजीवाला दाखवला. एखादीने त्याला हाक मारून थांबवलं की चारही मजल्यांवरून पिशव्या घेऊन बायका खाली येतात. भाजी सगळ्यांनाच मिळते. हाक मारणारीला कोथिंबिरीची एक जुडी वर मिळते, इतकंच. तेव्हापासून निवडणाऱ्याच्या त्या जास्तीच्या फायद्याला आमच्याकडे ‘कोथिंबीर’ म्हणतात. आता हाक मारायची की नाही हे ठरवताना नुसता कोथिंबिरीचा विचार करून भागत नाही. आज भाजी आली तर सगळ्यात जास्त फायदा कुणाचा, तिसऱ्या मजल्यावर पाहुणे आलेत का, हे बघावं लागतं. अख्खा खेळ एवढ्यावर चालतो. बाकीचे नियम म्हणजे भाजीचे प्रकार.

चार जण खेळत असतील तर कामांची कार्डं सात. खोक्यावर त्यांची नावं सेटलर, मेयर, बिल्डर, क्राफ्ट्समन, ट्रेडर, कॅप्टन, प्रॉस्पेक्टर अशी आहेत. आप्पांनी अर्ध्या तासात त्यांचं बारसं केलं, आणि ती नावं इतकी चपखल बसली की मी तीच वापरते.

सेटलर म्हणजे जमीन. पटावर लागवडीच्या चकत्या उघड्या मांडलेल्या असतात, खेळणाऱ्यांपेक्षा एक जास्त. प्रत्येकाने एक उचलून आपल्या बेटावर ठेवायची. इथली कोथिंबीर अशी की निवडणारा लागवडीऐवजी दगडखाण घेऊ शकतो. पुढे इमारत बांधताना प्रत्येक चालू खाण एकेक रुपया वाचवते. (खेळातलं नाणं डब्लून आहे. आम्ही रुपयेच म्हणतो.) खाण आणि बांधकाम यांचं नातं तुर्भ्याच्या बाजूने पारसिकचा डोंगर बघितलेल्याला वेगळं समजावायला नको.

मेयर म्हणजे भरती. बोटीतून आलेली माणसं सगळ्यांना एकेक करून वाटली जातात, निवडणाऱ्याला एक जास्त. माणूस म्हणजे एक गोल लाकडी चकती. तो शेतावर ठेवा, कारखान्यात ठेवा, कुठेही ठेवा, पण जिथे माणूस नाही ती जागा बंद. गाळा घेतला आणि कामाला माणूसच नाही, तर कुलूपच.

बिल्डर म्हणजे बिल्डर. नवी मुंबईत या शब्दाला दुसरं नाव कशाला? प्रत्येकाला एक इमारत बांधता येते, निवडणाऱ्याला एक रुपया सूट.

क्राफ्ट्समन म्हणजे हंगाम. ज्यांची शेतं आणि कारखाने चालू आहेत त्यांच्या दारात माल येतो. निवडणाऱ्याला त्याने काढलेल्यांपैकीच एका मालाचं एक पिंप जास्त.

ट्रेडर म्हणजे आडत, तिथे माल विकून रुपये मिळतात. कॅप्टन म्हणजे बंदर, तिथे माल चढवून गुण मिळतात. या दोन्हींवर पुढे थांबणारच आहे. प्रॉस्पेक्टर निवडणाऱ्याला एक रुपया देतो आणि बाकीच्यांना काहीच नाही. अख्ख्या खेळातलं स्वार्थी काम हे एवढं एकच.

फेरीत प्रत्येक जण एक कार्ड उचलतो. चौघांत चार कार्डं जातात, तीन उरतात. उरलेल्या प्रत्येक कार्डावर एक रुपया ठेवायचा, आणि पुढे जो ते कार्ड उचलेल त्याला तो रुपया. कुणालाच नको असलेलं काम दोन-तीन फेऱ्या पडून राहिलं की त्यावर इतके पैसे साठतात की कुणीतरी उचलतंच. प्रत्येक फेरीनंतर ‘गव्हर्नर’चं कार्ड, म्हणजे पाटीलकी, डावीकडच्याकडे जाते. ज्याच्याकडे पाटीलकी त्याने आधी निवडायचं. ही पाटीलकी दिसते तेवढी शोभेची नाही.

आता कॉफी.

आप्पांना कॉफीची चकती पहिल्याच फेरीत मिळाली. मिळाली म्हणजे राहिली. ‘जमीन’ मी निवडून खाण घेतली, रेवाने आणि नवऱ्याने आपापल्या चकत्या उचलल्या, कॉफीला कुणी हात लावला नाही. कारण कॉफी म्हणजे नुसतं शेत नव्हे. मक्याच्या शेतात माणूस उभा केला की मका येतो, त्याला कारखाना लागत नाही. बाकी चारही पिकांना शेताबरोबर कारखाना लागतो. निळीचा लहान कारखाना एका रुपयात होतो. कॉफीची भट्टी सहा रुपयांची. चौघांच्या खेळात सुरुवातीला हातात असतात तीन.

आप्पांनी बोटं मोजली. शेत हवं, भट्टी हवी, शेतावर एक माणूस आणि भट्टीत एक माणूस हवा, मग हंगाम हवा, मग आडत उघडायला हवी. जमीन, बिल्डर, भरती, हंगाम, आडत अशी पाच कामं. एका फेरीत आपल्याला निवडायला मिळतं एक. ‘‘म्हणजे चार रुपये बघायला पाच फेऱ्या. नको बुवा,’’ नवरा म्हणाला आणि मक्याकडे वळला. नवशिके इथेच चुकतात. पाचही कामं आपणच निवडायला हवीत, असं त्यांना वाटतं.

आप्पांनी काय केलं ते पायरीपायरीने सांगते, कारण सगळा खेळ त्यात दिसतो.

पहिल्या फेरीत पाटीलकी माझी. मी ‘जमीन’, रेवाने ‘बिल्डर’, नवऱ्याने ‘भरती’ निवडली. रेवाच्या बिल्डरमध्ये आप्पांनी काहीच बांधलं नाही, तीन रुपये मुठीत धरून बसले. भरतीत मिळालेला एक माणूस त्यांनी मक्यावर ठेवला. (चौघांत पहिल्या दोघांना सुरुवातीला निळीचं शेत मिळतं, नंतरच्या दोघांना मक्याचं.) शेवटी त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी प्रॉस्पेक्टर उचलून एक रुपया घेतला. चार झाले.

दुसऱ्या फेरीत रेवाला आणखी माणसं हवी होती, तिने भरती घेतली. आप्पांचा दुसरा माणूस कॉफीच्या शेतात गेला. नवऱ्याने मक्यासाठी हंगाम घेतला, त्यात आप्पांच्याही दारात मक्याचं एक पिंप आलं. मग आप्पांनी आडत उचलली. त्या कार्डावर मागच्या फेरीचा एक रुपया होता, तो मिळाला. मक्याला भाव शून्य, पण आडत निवडणाऱ्याची कोथिंबीर म्हणजे विक्रीवर एक रुपया वर, तोही मिळाला. सहा झाले. मी बंदर घेतलं.

तिसऱ्या फेरीत नवऱ्याने जमीन घेतली. आप्पांनी बिल्डर. त्या कार्डावरही एक रुपया पडलेला होता, तो धरून सात. भट्टी सहाची, निवडणाऱ्याला सूट एक, म्हणजे पाच भरले. भट्टी उभी राहिली आणि दोन रुपये उरले. पुढची पाळी माझी. मला माझ्या खाणीवर माणूस हवा होता, मी भरती घेतली. आप्पांचा तिसरा माणूस आयताच भट्टीत जाऊन बसला. मग रेवाने आपल्या निळीसाठी हंगाम घेतला, आणि आप्पांच्या दारात कॉफीचं पहिलं पिंप आलं.

चौथ्या फेरीत पाटीलकी आप्पांची. पहिली निवड त्यांचीच. त्यांनी आडत घेतली. कार्डावरचा एक, कॉफीचे चार आणि कोथिंबिरीचा एक, असे सहा रुपये. आधीचे दोन धरून आठ.

मोजून बघा. चार फेऱ्यांत आप्पांनी निवडलं काय? रुपया, आडत, बिल्डर, आडत. जमीन माझी, भरती आळीपाळीने नवऱ्याची, रेवाची आणि माझी, हंगाम नवऱ्याचा आणि रेवाचा. कॉफीची निम्मी मेहनत आम्ही तिघांनी केली. ‘‘तुम्ही भाजीवाल्याला हाका मारत होतात,’’ आप्पा म्हणाले, ‘‘मी पिशवी घेऊन उतरत होतो.’’

रेवा हिरमुसली. तिची चूक खरंच बघण्यासारखी आहे, कारण अनुभवी खेळाडूही ती करतात. तिला नीळ हवी होती म्हणून तिने हंगाम घेतला, पण तिच्यानंतर लगेच कोण निवडणार हे बघितलं नाही. हंगाम निवडणारा सगळ्यांच्या दारात माल टाकतो, आणि त्या मालाचं काय करायचं हे ठरवण्याची संधी पुढच्याला मिळते. त्या फेरीत शेवटची पाळी रेवाची आणि पुढच्या फेरीत पहिली पाळी आप्पांची होती. हंगाम घेण्याआधी, पुढची निवड ज्याची आहे त्याच्या दारात काय येणार आहे हे बघायचंच.

आता आप्पांच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. भाव छापील असेल तर बाजार कसला?

आडतीत जागा चार. प्रत्येकाला एका वेळी एकच पिंप विकता येतं, आणि आडतीत जो माल आधीच पडलेला आहे तो पुन्हा घेतला जात नाही. कुणी कॉफी विकली की तुमची कॉफी परत घरी. चारही जागा भरल्यावरच आडत रिकामी होते, नाहीतर तो माल पुढच्या खेपेपर्यंत तसाच अडून बसतो. आप्पांना हे ऐकताच पटलं. ‘‘म्हणजे आवक जास्त झाली की भाव पडत नाही, गाडीच आत घेत नाहीत.’’ अगदी तेच. भाव बदलत नाही, पण विकायला मिळेल की नाही हे मात्र इतरांवर ठरतं. एक छोटी इमारत आहे, ‘ऑफिस’ नावाची. तिच्यात माणूस असला की आधीच पडलेला मालही विकता येतो. खऱ्या बाजारातही ऑफिसात ओळख असलेल्यांचं असंच असतं, हे आप्पांचं मत. मी फक्त लिहून ठेवलं.

आडतीवरून बंदरावर यायचं तर मराठी माणसाला एकच सांगावं लागतं, पत्ते आठव. पाच-तीन-दोनमध्ये उतारीचा रंग हातात असला तर तोच टाकावा लागतो, मन असो वा नसो. बंदरातही माल चढवता येत असेल तर चढवावाच लागतो. चौघांच्या खेळात जहाजं तीन. एकात पाच पिंपं मावतात, एकात सहा, एकात सात. एका जहाजात एकच प्रकारचा माल, आणि एक माल एका वेळी एकाच जहाजात. निवडणाऱ्यापासून सुरुवात करून एकेकाने एक प्रकार निवडायचा आणि जेवढा मावेल तेवढा सगळा चढवायचा. असं फिरत राहायचं, कुणालाच काही चढवता येईना तोवर. प्रत्येक पिंपाला एक गुण, निवडणाऱ्याला वर एक. भरलेली जहाजं निघून जातात, अर्धवट भरलेली तिथेच नांगर टाकून उभी राहतात.

आता यातली मेख बघा. जहाजावर मक्याच्या पिंपाला एक गुण आणि कॉफीच्या पिंपालाही एकच. आडतीत जिचे चार रुपये येतात ती कॉफी बंदरात मक्याच्या पंक्तीला बसते. सहा रुपयांची भट्टी, दोन माणसं आणि एवढा खटाटोप करून जर ती जहाजातच गेली तर मका काय वाईट होता?

‘‘बाजारात कॉफी, बंदरात मका,’’ आप्पांनी वहीत लिहिलं. ते खेळायला बसताना वही घेऊनच बसतात.

आणि चढला नाही तर? बंदराचं काम संपलं की प्रत्येकाला एकच पिंप ठेवता येतं, बाकीचं फेकायचं. गोदाम बांधलं असेल तर त्याच्या मापाने जास्त ठेवता येतं. लहान गोदामात एका प्रकारचा सगळा माल, मोठ्यात दोन प्रकारांचा. आप्पांना हा नियम मुळीच पटला नाही. ‘‘कांदा सडतो. कॉफी काय, नीळ काय, कशाला सडेल?’’ त्यांचं बरोबर आहे. न भाजलेलं कॉफीचं बी कोरड्या जागी महिनोन् महिने टिकतं, आणि जगभर कॉफी बहुतेक तशीच, हिरव्या बियांच्या रूपात जहाजातून जाते. भाजणं होतं ते घेणाऱ्याच्या देशात. खेळात मात्र भट्टी उत्पादकाच्याच दारात आहे. हा नियम मालाच्या टिकण्याशी जुळणारा नाही, साठेबाजीला चाप लावण्यासाठी आहे. तो नसता तर प्रत्येकाने माल दाबून ठेवला असता आणि बंदर कुणी निवडलंच नसतं.

मला तो चाप त्याच दिवशी बसला. आप्पांचं बघून मीही भट्टी बांधली होती, कॉफीची दोन शेतं केली होती. भट्टीत माणसांच्या जागाच दोन, म्हणजे हंगामाला जास्तीत जास्त दोन पिंपं. हंगाम मीच निवडला, कोथिंबिरीचं एक धरून तीन पिंपं कॉफी माझ्या दारात. पुढच्या फेरीत आडत उघडून श्रीमंत व्हायचं ठरवलं होतं. माझ्यानंतर रेवाची पाळी. तिने आडतीकडे बघितलं, माझ्या कॉफीकडे बघितलं आणि शांतपणे बंदर उचललं.

एका जहाजात आधीचा मका अर्धवट होताच. रेवाने दुसऱ्यात नीळ भरली. नवऱ्याने तिसऱ्यात साखर टाकली. आप्पांनी मक्यावर मका चढवला. माझी पाळी शेवटची, आणि कॉफीला जहाजच उरलं नाही. एक पिंप ठेवलं, दोन गेली. त्या दोनांतलं एक म्हणजे चिंचोका होता.

चिंचोक्याचं सांगायचं राहिलं. खेळात कॉफीची पिंपं मोजून नऊ असतात. हा खोका आम्ही कोपरखैरण्याच्या एका मुलाकडून अर्ध्या किमतीत घेतला. घरी येऊन मोजली तर आठ. फोन केला, तो म्हणाला, बघतो. अजून बघतोय. मग मी डब्यातला एक चिंचोका धुऊन पुसून नववं पिंप म्हणून ठेवला. रंग जवळपास तोच, फक्त इतरांपेक्षा गुळगुळीत. हातात आला की कळतो. आणि ही नऊची संख्या महत्त्वाची आहे. माल संपला की संपला, हंगामात कितीही शेतं चालू असोत. निवडणाऱ्यापासून क्रमाने वाटप होतं, शेवटच्याच्या हाती काहीच येत नाही, असंही घडतं.

इमारतींबद्दल थोडक्यात, कारण त्या खेळता खेळताच कळतात. कारखाने सोडून बाकीच्या इमारती एकेक नियम आपल्या बाजूने वाकवतात. लहान बाजार प्रत्येक विक्रीवर एक रुपया वाढवतो, मोठा दोन. ‘हार्बर’ असलं की जहाजावर माल चढवण्याच्या प्रत्येक खेपेला एक गुण जास्त. ‘व्हार्फ’ म्हणजे आपलं खासगी जहाज, आणि ते असतं तर माझी कॉफी गेली नसती. दहा रुपयांच्या पाच मोठ्या इमारती आहेत, त्यांचे जास्तीचे गुण शेवटी मिळतात, तेही आत माणूस असेल तर. खाणींची सूट अमर्याद नसते. इमारत पटावर जितक्या पुढच्या रांगेत तितक्या जास्त खाणी चालतात. भट्टीला तीन, मोठ्या इमारतींना चार. पहिल्या खेळात सगळ्या इमारती वाचत बसू नका. लहान बाजार, गोदाम आणि एखादा कारखाना एवढं पुरे.

मध्येच रेवाने त्या गोल चकत्यांपैकी एक उचलून विचारलं, ‘‘मामी, हे लोक कोण आहेत? आणि यांना पगार नाही का?’’

जुन्या आवृत्तीत त्या चकत्या तपकिरी आहेत आणि पुस्तिकेत त्यांना वसाहतीला आलेले लोक म्हटलंय. पण कॅरिबियनमधल्या स्पॅनिश बेटावर उसाच्या शेतात कोण राबत होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोर्तो रिकोमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८७३ साली. बोटीतून फुकट येणारी, आपण म्हणू तिथे उभी राहणारी, ना पगार ना नाव अशी माणसं, यावर खूप टीका झाली आणि मला ती रास्त वाटते. २०२२ मध्ये ‘पोर्तो रिको १८९७’ नावाची आवृत्ती आली. स्पेनने बेटाला स्वायत्तता दिली तो काळ त्यात घेतलाय. निवड तशी विचारपूर्वक म्हणायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथल्या डोंगराळ भागातली कॉफी, विशेषतः यौकोची, युरोपात नावाजलेली होती. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, बेट अमेरिकेकडे गेलं आणि १८९९ च्या चक्रीवादळाने कॉफीच्या बागा आडव्या केल्या. रेवाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, पगार द्यायला हवा होता, खेळ बनवणाऱ्यांना उशिरा सुचलं. आप्पा म्हणाले, ‘‘आम्हाला तरी कुठे लवकर सुचलेलं चाललं? माथाडींनाही भांडूनच मिळालं.’’

पहिल्यांदा खेळणार असाल तर तीन किंवा चार जण बसा. पाच जणांत पाळी येईपर्यंत माणूस मोबाइल काढतो. पहिली फेरी सगळ्यांनी उघड बोलत खेळा, म्हणजे ‘मी हे घेतलं तर तुला काय मिळेल’ हे मोठ्याने विचारायचं. आम्हाला पहिला खेळ संपवायला साडेतीन तास लागले, त्यात एकदा चहा आणि एकदा भजी. आता दोन तासांत होतो. आणि कॉफीच्या खेळाला कॉफीच हवी असा हट्ट रेवाने धरला होता, पण आप्पांच्या मते कॉफी ही आजारी माणसाला भेटायला आलेल्यांना द्यायची गोष्ट आहे.

खेळ तीन प्रकारे संपतो. कुणाच्या शहरातल्या बाराही जागा इमारतींनी भरल्या, किंवा बोटीत भरायला माणसं कमी पडली, किंवा गुणांच्या चकत्या संपल्या. चौघांत त्या शंभर असतात. तिन्हींतलं काहीही झालं तरी चालू फेरी पुरी करायची आणि थांबायचं. आमच्यात नवऱ्याने मका, मका आणि मकाच चढवून गुणांच्या चकत्यांचा ढीग रिकामा केला. तीन तास ज्याला आम्ही हसत होतो त्याच्यासमोर चकत्यांची चळत होती.

मग मोजणी. जहाजांवर मिळालेले गुण, अधिक इमारतींवर छापलेले गुण, अधिक मोठ्या इमारतींचे जास्तीचे. इमारतीचे छापील गुण आत माणूस नसला तरी मिळतात. नवरा पहिला, आप्पा तीन गुणांनी दुसरे, मी तिसरी, रेवा माझ्यामागे दोन गुणांनी.

आप्पांनी वही मिटली नाही. समोरची नाणी चारचारच्या ढिगाऱ्यांत लावून मोजली. चौदा.

‘‘आणि हे चौदा रुपये?’’

‘‘त्यांचे काही नाही, आप्पा. गुण सारखे झाले असते तरच बघितले असते.’’

‘‘कॉफीचे पैसे आहेत हे.’’

‘‘हो, पण खेळ संपला. त्याआधी बांधायला हवं होतं काहीतरी.’’

त्यांनी एकदा नाण्यांकडे आणि एकदा मुलाकडे बघितलं. मग वहीतल्या त्या ओळीखाली अजून एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, ‘‘मांड परत.’’